रोज नवा पियानो

अफ्रो-क्यूबन जॅझ वाजवणारा पियानोवादक नवा अल्बम घेऊन युरोपात फिरतो, तेव्हा त्याचा दिवस कसा जातो हे इथे तासांच्या हिशेबाने मांडलं आहे. हा दिवस कुणा एका कलाकाराचा नाही. हवानातून शिकून बाहेर पडलेल्या आणि वर्षातले कित्येक महिने सुटकेस घेऊन जगणाऱ्या अनेकांचा तो थोड्याफार फरकाने असाच असतो. मुक्काम मात्र खरे आहेत: काल रात्री पॅरिस, आज रात्री ॲमस्टरडॅम.

सकाळी ७

झोप झाली जेमतेम पाच तास. कालचा कार्यक्रम ‘न्यू मॉर्निंग’मध्ये होता. १९८१पासून चालू असलेला हा क्लब गार द्यु नोर या मोठ्या रेल्वे स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. कार्यक्रम संपला, सह्या आणि फोटो उरकले, जेवण झालं, तोवर दीड वाजून गेला.

व्हायोलिनवाला या वेळी पेटी उघडून सूर लावू शकतो. ट्रम्पेटवाला निदान ओठ तयार करतो. पियानोवादकाच्या खोलीत पलंग, टीव्ही आणि इस्त्रीची फळी एवढंच असतं. कालचं वाद्य कालच्या गावात राहिलं, आजच्याची अजून ओळख व्हायची आहे. मग रियाज टेबलाच्या कडेवर होतो: डाव्या हाताने एक ठेका, उजव्याने दुसरा, पायाने तिसरा. सूर नाही, नुसती लय. या संगीतात तेवढ्यानेही अर्धं काम होतं, कारण इथे पियानोचं नातं आधी ढोलाशी आहे, मग सुरावटीशी.

याला क्यूबन पियानोवादकांमध्ये पुरावे हवे तेवढे. उमर सोसा कामागुएच्या संगीतशाळेत आधी मारिंबा आणि तालवाद्यं शिकला, पियानोकडे नंतर वळला. रोबेर्तो फोन्सेकाची सुरुवात ड्रमपासून झाली. गोन्सालो रुबालकाबाचाही लहानपणी ओढा ड्रमकडे होता. आरोल्द लोपेस-नुसाचे वडील ड्रमर आणि धाकटा भाऊही ड्रमर. हवानाच्या घरांत पियानो आणि तुंबादोरा (काँगा) हा ढोल एकाच खोलीत वाढतात.

फोन उचलून घरी बोलावं, तर हवाना पॅरिसच्या सहा तास मागे. तिथे रात्रीचा एक वाजलाय.

सकाळी ९

चौघे जण स्टेशनावर जमतात: पियानो, बास, ड्रम आणि तालवाद्यं. बासवादक स्वतःचा डबल बास विमानात टाकायचं धाडस क्वचितच करतो, बहुधा तो गावोगावी भाड्याने मिळवतो. ड्रमर झांजा आणि काठ्या सोबत ठेवतो, बाकी सेट जागेवरचा. तालवादकाच्या पिशवीत शेकेरे, घंटा आणि क्लावेच्या दोन दांडक्या असतात. पियानोवादकाच्या हातात फक्त कागदांची फाईल.

त्या फाईलमध्ये संगीतापेक्षा पासपोर्टची काळजी जास्त. क्यूबाच्या पासपोर्टवर शेंगेन देशांत यायला व्हिसा लागतो, आणि अल्प मुदतीच्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. दौरा आखताना तारखा आधी या गणितात बसवायच्या, मग नकाशावर. अनेकांनी यावर उपाय म्हणून युरोपातच बिऱ्हाड केलं. सोसा बार्सिलोनात राहतो, लोपेस-नुसा २०२१मध्ये कुटुंबासह फ्रान्सच्या तुलूझला गेला. पियानोवादक आल्फ्रेदो रोद्रिगेसची वाट जास्त खडतर होती. २००६मध्ये स्वित्झर्लंडच्या माँत्रो जॅझ महोत्सवात अमेरिकन संगीत-निर्माता क्विन्सी जोन्सने त्याचं वादन ऐकलं, पण अमेरिकेत पोचायला त्याला २००९ साल उजाडलं, तेही मेक्सिकोची हद्द ओलांडून आणि सीमेवर अटक सोसून.

सकाळी १०

पॅरिस ते ॲमस्टरडॅम गाडीने साधारण सव्वातीन-साडेतीन तास. बाकीचे तिघे झोपतात. पियानोवादक लॅपटॉप उघडतो, कारण बँडचा प्रमुख तोच, हिशेबनीसही बहुधा तोच.

पहिलं काम आजच्या रचनांचा क्रम. अल्बममध्ये पाहुणे होते: दोन गाण्यांत ट्रम्पेट, एकात हार्मोनिका, एकात गायिका. त्यांच्यापैकी कुणीच दौऱ्यावर नाही. प्रवास, हॉटेल आणि मानधन मिळून चौघांचाच खर्च कसाबसा निघतो. म्हणजे ध्वनिमुद्रणातलं जे जे गैरहजर, ते बहुतेक सगळं पियानोवादकाच्या उजव्या हातात आणून बसवायचं. ट्रम्पेटचा तुकडा वरच्या सप्तकात जातो. गायिकेची ओळ बासवादक गुणगुणतो, आणि ते लोकांना मूळ गाण्यापेक्षाही आवडतं. दौऱ्याच्या शेवटी रचना अल्बमहून इतक्या वेगळ्या होतात की पुन्हा ध्वनिमुद्रण करावंसं वाटतं.

दुसरं काम मुलाखत. रेडिओवाला फोनवरून विचारतो, “तुमच्या या अल्बममध्ये क्यूबा किती आणि जॅझ किती?” असा प्रश्न प्रत्येक गावात येतो. खरं उत्तर इतिहासात आहे. १९४०मध्ये न्यूयॉर्कला माचितोचा ‘अफ्रो-क्यूबन्स’ हा बँड उभा राहिला. त्याचा संगीत-दिग्दर्शक मारियो बाउसा हवानाचा, पण अमेरिकन बँडमध्ये मुरलेला. १९४३मध्ये त्याने ‘तांगा’ बांधली. नाचाच्या मध्यंतरात पियानोवादक लुईस वारोना सहज एक आवर्तन घोळवत होता, त्यातून ती सुचली असं सांगतात. या शैलीची पहिली मोठी रचना म्हणून तिचं नाव घेतलं जातं. त्याही आधी न्यू ऑर्लिन्सचा जेली रोल मॉर्टन सांगून गेला होता की स्पॅनिश झाकेशिवाय जॅझला चव येत नाही. त्यामुळे किती टक्के कोण, हा हिशेब शंभर वर्षांपूर्वीही जमत नव्हता. रेडिओवर एवढं सांगायला वेळ नसतो. पियानोवादक म्हणतो, “दोन्ही पूर्ण.”

तिसरं काम पैशांचं. एके काळी तबकडी विकली जावी म्हणून दौरा निघायचा. आता उलटं झालंय. लोक गाणी फोनवर ऐकतात, त्यातून कलाकाराला मिळतं ते चिल्लर. अल्बम निघतो तो तारखा मिळाव्यात म्हणून. नवा अल्बम नसेल तर महोत्सवाचा संचालक विचारतो, “या वर्षी नवीन काय?” एजंटचे दहा ते वीस टक्के, मग प्रवास, हॉटेल, वादकांचं मानधन, कर. प्रमुखाचा वाटा सगळ्यात शेवटी.

दुपारी दीड

ॲमस्टरडॅम सेंट्रल. आजचं सभागृह ‘बिमहाउस’ इथून पायी दहा-पंधरा मिनिटांवर, पाण्याच्या काठाला. संस्था १९७४ची, सध्याची वास्तू २००५पासूनची. रंगमंचाच्या मागे मोठी काच आहे, तिच्यातून शहर आणि रुळांवरून जाणाऱ्या गाड्या दिसतात. दौऱ्यावरच्या वादकाला गाव दिसतं ते बहुधा एवढंच.

जेवण हलकं: सूप, ब्रेड, कॉफी. काळ्या घेवड्याची उसळ आणि भात ही क्यूबाची रोजची जोडी रोज आठवते आणि रोज टळते.

दुपारी साडेतीन

दिवसातली सर्वांत महत्त्वाची भेट आता. पियानो रंगमंचावर आहे आणि सूर लावणारा कारागीर त्यावर वाकलाय.

मोठ्या सभागृहांत नेहमी भेटणारा स्टाइनवेचा ‘डी’ पियानो २७४ सेंटिमीटर लांब आणि सुमारे ४८० किलो वजनाचा असतो. हवा, ओल आणि दिव्यांची उष्णता यांनी त्याचा सूर हलतो, म्हणून तो जागेवर ठेवल्यावरच लावायचा. सूर ४४० हर्ट्झचा की ४४२चा, हे करारासोबतच्या यादीत आधीच ठरलेलं असतं. बसायच्या स्टुलापासून तुंबादोरांच्या मापांपर्यंत सगळं त्या यादीत असतं.

क्यूबन वादकाची कारागिराला वेगळीच विनंती असते. पियानोच्या वरच्या बहुतेक स्वरांना तीन-तीन तारा असतात आणि त्या तिन्ही एकमेकींशी अगदी जुळलेल्या लागतात. शोपँ वाजवणारा त्यांना रात्रभर सांभाळतो. मोंतुनो, म्हणजे पियानोवर सतत फिरणारं आवर्तन, वाजवणारा दोन्ही हातांनी सप्तकाच्या जोड्या धरून तेच तेच स्वर दहा-दहा मिनिटं ठोकतो. मध्यंतरापर्यंत एखादी तार सरकते आणि स्वर किरकिरायला लागतो. म्हणून तो ठोकायच्या पट्ट्या आधीच दाखवून ठेवतो. कारागीर मान हलवतो, ध्वनिचाचणीनंतर पुन्हा हात फिरवायचं कबूल करतो.

मग एकट्याचा अर्धा तास. प्रत्येक पियानोचा स्वभाव निराळा. एकाच्या पट्ट्या जड, दुसऱ्याचा खर्ज घुमणारा, तिसऱ्याचा वरचा भाग काचेसारखा. आधी बाखचं काहीतरी, हळू. ही सवय शाळेची. क्यूबात सरकारी संगीतशाळेत मुलं सात-आठ वर्षांची असताना दाखल होतात आणि तालीम कडक युरोपीय वळणाची: बाख, चेर्नी, शोपँ. त्यात घरचे, म्हणजे क्यूबाचे संगीतकार सौमेल, सेर्वांतेस आणि लेकुओना. पुढे आमादेओ रोल्दान संगीतविद्यालय किंवा राष्ट्रीय कलाशाळा. रुंबा आणि सोन हे लोकसंगीताचे प्रकार शिकायचे ते गल्लीत, घरात, धार्मिक समारंभात. या पियानोवादकांची बोटं इतकी तयार का, याचं उत्तर या दुहेरी शिक्षणात आहे.

बाखनंतर डाव्या हाताने मोंतुनोची चार आवर्तनं. पट्टी किती लवकर परत वर येते ते त्यातून कळतं. हळू येत असेल तर आज रात्री वेगवान रचना मागे टाकायची.

दुपारी साडेचार

ध्वनिचाचणी. तुंबादोरांचा आवाज पियानोत ठेवलेल्या माइकमध्ये शिरतो, ही जुनी कटकट. पियानोचं झाकण अर्धं खाली घेतलं जातं, तालवादक दोन हात लांब सरकतो. पण फार लांब सरकून चालत नाही. त्याला पियानोवादकाचा डावा हात दिसला पाहिजे.

कारण सगळं बांधलेलं आहे ते क्लावेला. सोळा मात्रा मोजा आणि पहिली, चौथी, सातवी, अकरावी, तेरावी यांवर टाळी द्या. हा सोनचा क्लावे. सातवीवरची टाळी आठवीवर ढकलली की रुंबाचा. पहिल्या आठ मात्रांत तीन टाळ्या, पुढच्या आठांत दोन. तबल्याच्या ठेक्यासारखं हे आवर्तन फिरत राहतं, पण जाण वेगळी आहे. आपल्याकडे सगळे समेवर येऊन भेटतात. इथे समेला तेवढा मान नाही. बासवादक पहिली मात्रा बहुतेक वेळा रिकामीच सोडतो, कारण तिथला स्वर त्याने आधीच वाजवून टाकलेला असतो. इथे जपायची असते ती बाजू: तीनची बाजू कोणती आणि दोनची कोणती. रचनेत ती एकदा ठरली की मोंतुनो, बास, घंटा, गाण्याचे शब्द, सगळे तिला धरून. कुणी उलट्या बाजूला बसला तर क्लावे ‘क्रुसादो’ झाला म्हणतात आणि बाकीचे मागे वळून बघतात. गंमत म्हणजे दांडक्या प्रत्यक्षात कुणी वाजवत नसतानाही हे सारं चालू असतं.

आपल्या कानांना हे अगदीच परकं नाही. १९५०च्या ‘समाधी’ चित्रपटासाठी पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी ‘गोरे गोरे’ बांधलं, ते लंडनमध्ये लॅटिन बँड चालवणाऱ्या एडमुंडो रोसच्या एका गाण्यावरून. मुंबईच्या हॉटेलांत आणि स्टुडिओंत वाजवणाऱ्या गोव्याच्या वादकांना रुंबा आणि मांबो पाठ होते. त्यांच्याच हातून हा ठेका हिंदी सिनेमात आला आणि आपण तो आपला म्हणून गुणगुणलो.

संध्याकाळी ६

हवानात दुपारचे बारा. आता फोन. आईला फोन लागेल की नाही हे तिथल्या विजेवर अवलंबून. १८ ऑक्टोबर २०२४ला क्यूबाची सगळी वीजयंत्रणा एकदम कोसळली आणि देशभर अंधार झाला. त्यानंतरही तसं घडत राहिलं. बाहेर गेलेल्या वादकाच्या पैशांतून घरी औषधं जातात, चार्ज होणारे दिवे जातात. अल्बमच्या मुलाखतींत हे फारसं येत नाही. दौरा लांबवायचं कारण मात्र पुष्कळदा हेच असतं.

संध्याकाळी साडेसात

प्रेक्षक बाहेर जमलेत. ग्रीनरूममध्ये चौघे गप्प. कुणी शर्टाला इस्त्री करतो, कुणी मांडीवर ठेका धरतो. पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या योरुबा परंपरेतले वादक सुरुवातीला एलेग्वा या देवाची आठवण काढतात. रस्ते उघडणं आणि बंद करणं त्याच्या हातात, म्हणून कोणत्याही विधीत पहिला मान त्याचा. उमर सोसा पांढऱ्या पोशाखात येतो आणि मेणबत्ती लावून वादन सुरू करतो. प्रेक्षकांतल्या काहींना तो देखावा वाटतो. त्याच्यासाठी ती पूजा आहे.

पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी त्यांचे देव आणि ढोल क्यूबात टिकवले. बाता हे तीन दुतोंडी ढोल, मांडीवर आडवे धरून वाजवायचे: सर्वांत मोठा इया, मधला इतोतेले, धाकटा ओकोंकोलो. इया म्हणजे आई. ती बोलते, बाकीचे दोघे उत्तर देतात. विधीतले बाता दीक्षा दिलेले असतात आणि ते दीक्षितांनीच वाजवायचे. रंगमंचावर येतात ते दीक्षा न दिलेले.

रात्री साडेआठ

दिवे मंद होतात. ज्यासाठी साडेतेरा तास गेले ते दीड तासाचं काम आता सुरू.

पहिली रचना नव्या अल्बमची. डावा हात खालच्या सप्तकात इयाची बोली वाजवतो, उजवा हात मधल्या सप्तकात धाकट्या ढोलांची. माणूस पियानोवर आहे, पण कानाला तीन ढोलवाले ऐकू येतात. क्यूबन पियानोवादक चूचो वाल्देसने १९७२च्या ‘जॅझ बाता’ या अल्बममध्ये ही वाट उघडी केली: पियानो, बास आणि बाता, ड्रमसेट नाहीच. वर्षभराने त्याने ‘इराकेरे’ हा मोठा बँड काढला. रॉक, जॅझ आणि ढोल एकत्र आले आणि १९८०मध्ये त्या बँडला ग्रॅमी मिळालं. चूचोचे वडील बेबो वाल्देस हवानाच्या ‘त्रोपिकाना’ या नाइटक्लबचे पियानोवादक. ते १९६०मध्ये देश सोडून गेले, स्टॉकहोममध्ये हॉटेलांत पियानो वाजवत राहिले आणि म्हातारपणी जगाला पुन्हा सापडले. या घराण्याचा वारसा आज रात्री वाजवणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्यावर आहे, आणि ओझंही.

मधल्या भागात एक दान्सोन येतो. हा १८७९मध्ये मातान्सासच्या मिगेल फाईल्देने रूढ केलेला नाच, सभ्य आणि संथ. प्रेक्षक सैलावतात. मग मोंतुनो. पियानो तेच आवर्तन घोळवतो, ड्रमर एकेक थर चढवतो, तुंबादोरा एकट्या बोलू लागतात. इथे पियानोवादकाचं काम न बदलण्याचं असतं. सलग चार मिनिटं तेच वाजवायचं, तेवढ्याच जोमाने, क्षणभरही न घसरता. नवशिक्यांचा धीर सुटतो तो इथेच, बोटं चमकवायचा मोह आवरत नाही. अनुभवी माणूस थांबतो आणि तालवादकाला मोकळं रान देतो. आपली पाळी आल्यावर तो लेकुओनापासून थेलोनिअस मंकपर्यंत कुठेही फिरून येतो, पण उतरतो क्लावेच्या बरोबर बाजूला.

लोक शेवटी ‘मांतेका’ मागतात. क्यूबन ढोलवादक चानो पोसो आणि अमेरिकन ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी यांची ही १९४७ची रचना. चानोला ना इंग्रजी येत होतं ना नोटेशन वाचता. त्याने ठेका आणि सुरावट गाऊन दाखवली आणि अमेरिकन बँडने उचलली. पुढच्याच वर्षी हार्लेममध्ये त्याचा गोळी घालून खून झाला. अल्बम नवा असो वा जुना, ही उजळणी टळत नाही. टाळूही नये.

रात्री सव्वादहा

बाहेरच्या टेबलावर सीडी आणि एलपी मांडलेल्या. घाम न पुसताच पियानोवादक तिथे येऊन बसतो. आज पंचवीस एलपी खपल्या तर उद्याचं जेवण आणि टॅक्सी निघाली. ऐकून भारावलेला माणूस पंधरा मिनिटांत विकत घेतो, घरी गेल्यावर घेत नाही. हे सगळे जाणून आहेत. एक जण सांगतो की त्याने १९९०च्या दशकात ‘इराकेरे’ ऐकलं होतं. एका मुलीला मोंतुनो शिकायचाय. तो तिला कागदावर पाच टाळ्या काढून देतो आणि म्हणतो, “महिनाभर एवढंच कर. पियानोला हात लावू नकोस.”

रात्री साडेअकरा

हिशेबाच्या कागदावर सही. तुंबादोरा भाड्याच्या गाडीत परत जातात. पियानोवर काळं कापड पडतं. उद्या सकाळी हॅम्बुर्गची गाडी, तिथे दुसरा पियानो, दुसरा कारागीर, पुन्हा तोच अर्धा तास.

अशा दौऱ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. या कलाकारांचं कौशल्य अल्बममध्ये अर्धंच ऐकू येतं. परक्या वाद्याला अर्ध्या तासात आपला ढोल करून घेणं, चार जणांत दहा जणांचा भार उचलणं आणि मोह आवरून तेच आवर्तन धरून ठेवणं, हे प्रत्यक्ष समोर बसल्याशिवाय कळत नाही. असा कुणी मुंबई-पुण्यात आला तर मोबाइलवर ऐकू म्हणून घरी थांबू नका, तिकीट काढा. तोवर घरी चूचोचा ‘जॅझ बाता’, रुबालकाबाचा ‘सुपरनोव्हा’, सोसा आणि सेकू केईताचा ‘ट्रान्स्पेरंट वॉटर’ आणि लोपेस-नुसाचा २०२३चा ‘तिंबा आ ला आमेरिकाना’ ऐका. पहिल्यांदा ऐकताना उजव्या हाताचा विचार सोडा, डाव्या हाताकडे कान द्या आणि पाच टाळ्या वाजवत राहा.